दादाच्या ओळी

शुक्रवारची दुपार होती आणि 'ब्लू डाऊ' क्लब गच्च भरला होता. बहरीनमध्ये शुक्रवारी सुट्टी असायची. लोक बायकापोरांसकट जेवायला यायचे आणि आम्ही चौघं चकचकीत जांभळे शर्ट घालून कोपऱ्यातल्या स्टेजवर इंग्रजी गाणी वाजवायचो. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर प्रल्हाददादानं वरची ओळ घ्यायला मान मागं टाकली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली.

ती ओळ मी उचलली. विचार वगैरे काही केला नाही. बासवर बोटं चालूच होती, तोंड माइकपाशी नेलं आणि गायलो. पुढच्या ओळीला दादा परत आला, त्याच्या नेहमीच्या खालच्या सुरात, जणू काही झालंच नाही. समोरच्या टेबलावर एक बाई मासा खात होती. तिनं काट्यावरून नजरसुद्धा वर केली नाही. फक्त ड्रमवरून दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं आणि मी नजर दुसरीकडं वळवली.

आम्ही चौघं मिरजेचे. पोस्टरवर 'डायरेक्ट फ्रॉम बॉम्बे' छापलं होतं, पण मुंबईत आम्ही किती राहिलो म्हणाल तर विमानाची वाट बघत विमानतळावर बसलो तेवढंच. बँडचं नाव 'मिरज जंक्शन'. हॉटेलचा मॅनेजर कुलासो, गोव्याचा माणूस, त्यानं पहिल्याच दिवशी त्यातली मिरज उडवून टाकली आणि नुसतं 'द जंक्शन' ठेवलं. प्रल्हाद आवळे माझा मामेभाऊ, गाणारा आणि गिटारवाला. मी उत्तम वायदंडे, बास गिटार. दस्तगीरचा हात मोहरमात ताशा वाजवून तयार झालेला. कीबोर्डवर सॅम्युएल सातपुते, त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि चौघांत इंग्रजी समजणारा तो एकटाच. बाकी आम्ही तिघं पाठ करून गायचो. कुणाला उद्देशून काय म्हणतोय, देव जाणे.

आता तुम्हाला आमचं नाव माहीत असेल. मुलाखत घ्यायला पोरं येतात, त्यांना बहरीनचे किस्से हवे असतात. मीही देतो. सॅम्युएलनं अरबाच्या लग्नात चुकून भजन वाजवलं तो देतो, दस्तगीरची काठी सुपाच्या वाडग्यात पडली तो देतो. पोरं खूष होऊन जातात. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगायला लागलो की मला राग येतो, आणि इतक्या वर्षांनी कुणावर रागवायचं?

तर जोड म्हणजे काय ते आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामाचा लग्नाचा बँड होता, 'आवळे बँड'. आम्ही पोरांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यात ट्रंपेट फुंकत वराती काढलेल्या. वरात चालते तासन्‌तास, आणि फुंकणाऱ्याचा दम काही तासन्‌तास पुरत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगाला त्याचा जोड चालायचा. त्याचा दम तुटला की जोडानं त्याच सुरावर गाणं उचलायचं, असं की नवऱ्यामुलाच्या बापाला पत्ता लागू नये. आणि एक नियम होता, मामानं कान पिळून शिकवलेला. जोड धरली हे बोलायचं नाही. त्या माणसाला नाही, दुसऱ्याला नाही, घरी जेवताना गमतीनंसुद्धा नाही. वाजवणाऱ्याचा दम कमी पडला हे त्याच्या तोंडावर सांगणं म्हणजे त्याला उघडं करणं. मी दादाचा जोड होतो, लहानपणापासून. त्यामुळं त्या शुक्रवारी मी जे केलं ते मला नवीन नव्हतं, आणि त्यावर एक अक्षर बोललो नाही हेही नवीन नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी दोन ओळी गेल्या. सौदीवाले समुद्रावरचा पूल ओलांडून गुरुवारी यायचे, मग त्यांच्या आवडीच्या गाण्यातलं अख्खं कडवं गेलं. दादाचा आवाज घोगरा होत चालला होता, आणि गंमत बघा, लोकांना तोच आवडायला लागला. एका गोऱ्या इंजिनिअरनं सॅम्युएलला सांगितलं, तुमच्या गायकाच्या आवाजात फार दुःख आहे. आम्ही हसलो. दादाच सगळ्यात जास्त हसला आणि हसता हसता खोकायला लागला.

दस्तगीरला आमच्या नियमाचं काही पडलं नव्हतं. एक दिवस साउंड चेक चालू असताना त्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि सरळ म्हणाला, दादा, तुझ्या घशाला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखव. मी बासच्या खुंट्या पिळत राहिलो. पण दादा चिडला नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच जाऊन आला. काय म्हणाला डॉक्टर, तर म्हणे एसीची हवा बाधली आहे, गुळण्या करायच्या आणि कमी बोलायचं. त्यानं मिठाची पुडी पण आणली होती. खोलीतल्या बेसिनपाशी उभा राहून तो सकाळ-संध्याकाळ गुळण्या करायचा, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

मग रमजान आला. रमजानात क्लब बंद. बाकीच्या हॉटेलांतले फिलिपिनो बँड, गोव्याचे बँड, सगळे महिनाभर आपापल्या घरी गेले. कुलासो आम्हालाही म्हणाला, जा, मी परतीचं बघतो, ईदला या. मी तर बॅग काढून पलंगावर ठेवली होती. दादा म्हणाला, कुणी जायचं नाही. महिनाभर क्लब रिकामा मिळतोय, तालीम करायची.

मी बोललोच त्याला, की दादा, मिरजेला जाऊन ये, वहिनींना भेटून ये, घशालाही आराम पडेल. तो म्हणाला, "तू तुझं बघ."

महिनाभर त्यानं आम्हाला घासून काढलं. दुपारी क्लबमध्ये यायचं, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, शिळ्या सिगारेटचा वास, आणि रोजे धरलेला दस्तगीर कोरड्या ओठांनी ड्रम बडवतोय. पाणीसुद्धा न पिता तो वाजवायचा आणि मध्येच म्हणायचा, दादा, अल्ला तुला बघून घेईल. मला दादानं जास्तच पिळलं. वरच्या ओळी मला रोज गायला लावायचा. स्वतः खुर्चीत बसून नुसता ऐकायचा. कारण काय, तर त्याच्या घशाला आराम. मी वरच्या सुराला जाताना खांदे उचलायचो. तो उठून यायचा, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाबायचा आणि परत जाऊन बसायचा. मी वैतागून एकदा म्हणालो, की दादा, गाणारा तू आहेस, मला कशाला सोलतोस? तो म्हणाला, पुन्हा घे.

याच महिन्यात त्यानं ते गाणं केलं. मराठी. आमच्या स्टेशनावर पूर्वी गाडी बदलायला लागायची, मोठ्या रुळांवरून लहान रुळांवर. माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन पळायची. त्यावर त्यानं वरातीच्या ठेक्यात गाणं बांधलं, 'इथं गाडी बदला रं, इथं गाडी बदला'. वरून गिटार अशी करकरीत की अंगावर काटा यावा. ते गाणं आज लग्नात वाजतं, गणपतीत वाजतं, मोटारीत वाजतं. क्लबच्या उलट्या खुर्च्यांसमोर ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा सॅम्युएल रडला होता. तो मुळातच रडका, पण तरी.

ईदला क्लब उघडला. त्या आठवड्यात वासवानी नावाचा माणूस जेवायला आला. त्याचं राजधानीत, मनाम्यात, कॅसेटचं दुकान आणि मुंबईत छोटी कंपनी. इंग्रजी गाण्यांना त्यानं मान वर केली नाही. मग दादानं हट्टानं ते मराठी गाणं घेतलं, आणि वासवानी जेवण सोडून स्टेजपाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र घेऊन हजर. चार माइक, एकाच टेपच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर चार आवाज, हवा तो एकटा ऐकता येईल असं यंत्र. आम्ही असलं कधी बघितलं नव्हतं. गाणं वाजवलं. छान झालं. वासवानीनं टेप मागं घेतली आणि स्पीकर लावला.

सगळं एकत्र वाजलं तेव्हा आम्ही चौघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो. मग तो म्हणाला, आता नुसता लीड सिंगर ऐकू. त्यानं बाकीची बटणं खाली ओढली.

नुसता दादा ऐकू आला. पहिली ओळ खालून, घोगरी. दुसरी अर्धी. मग श्वास. मग काहीच नाही, लांबवर माझ्या बासचा घुमारा तेवढा माइकमध्ये शिरलेला. मग पुन्हा श्वास, घशातून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज, आणि पुन्हा काही नाही. कडवंच्या कडवं असं. 'बदला रं' तेवढं कुठंतरी आलं आणि तेही मध्येच तुटलं. मी इतके दिवस ओळ ओळ उचलत आलो होतो, पण सगळं मिळून इतकं झालंय हे मलाही माहीत नव्हतं. सॅम्युएलनं तोंड फिरवलं. बंद करा म्हणावं असं मला वाटत होतं. मी दादाकडं बघितलं. मला वाटलं होतं, आता हा कोसळणार.

तो शांत उभा होता. वासवानीनं गोंधळून दुसरं बटण वर केलं आणि माझा आवाज क्लबभर पसरला, पूर्ण, वरच्या सुरासकट. दादानं मान हलवली. मामा एखाद्या पोराची फुंक जमली की हलवायचा तशी. आणि वासवानीला हिंदीत म्हणाला, "यही है लीड सिंगर. इसका नाम लिखो."

मी त्याला दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर नेला. तिथं हॉटेलची लाँड्री होती, चादरी वाळत घातलेल्या, आणि ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मी नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दादा, तुला ऐकू येत होतं? तुझी ओळ मी घेतोय हे?"

"मला न यायला काय झालं?"

"मग डॉक्टर काय म्हणाला होता? खरं सांग."

तो चादरीच्या सावलीत खाली बसला. आवाज इतका बसला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"गाठ आहे म्हणाला. लगेच घरी जा म्हणाला. कुठला म्हणून विचारलं, मिरजेचा म्हणालो, तर हसला. म्हणाला, अरे मिरजेत तर केवढे दवाखाने आहेत, आमचीच माणसं तिकडं पाठवतो आम्ही."

"हे कधी?"

"रमजानच्या आधी."

महिनाभर क्लब बंद होता. कुलासो तिकीट देत होता. माझी बॅग पलंगावर होती.

"मग गेला का नाहीस?"

"मी गेलो असतो तर ईदला कुलासोनं दुसरा बँड आणला असता. गाणाराच नाही तर तुम्हा तिघांना कोण ठेवतंय? मिरजेला येऊन काय केलं असतंत?"

"वराती वाजवल्या असत्या. मेलो असतो का?"

"तेच तर," तो म्हणाला. "वरातीच वाजवल्या असत्या."

मी खूप बोललो त्याला. जे तोंडाला येईल ते बोललो. की तुला हे कुणी सांगितलं होतं, मी मागितलं होतं का, मला नको तुझं गाणं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "उत्त्या, पहिल्या शुक्रवारी खरंच गेला होता आवाज. त्या दिवशी तू धरलीस. त्यानंतर बऱ्याच ओळी मला येत होत्या. मी सोडल्या. सोडल्याशिवाय तू घेत नव्हतास."

"मला वाटायचं मी जोड धरतोय."

"धरतच होतास की."

त्याचा बाप त्याला असाच शिकवत आला होता. भर रस्त्यात ट्रंपेट ओठांवरून काढायचा आणि पुढं चालायला लागायचा. पोरगं उचलेल नाहीतर फजिती होईल. हे मला माहीत होतं. माझ्यावर कुणी तेच करतंय हे मात्र माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वरात मांडवात पोचल्याशिवाय वाद्य खाली ठेवायचं नाही ही आमची रीत. पण ती वरातीची रीत. घशात गाठ असताना कुठल्या गाढवानं ती पाळायची? हे मी त्याला तेव्हाही म्हणालो, आणि अजून मनात म्हणतो.

चार दिवसांत तो गेला. विमानतळावर कुलासोसुद्धा आला होता. दादा दस्तगीरला सांगत होता, वेग वाढवू नकोस, तुला घाईची खोड आहे. सॅम्युएलला म्हणाला, रडू नको. माझ्याशी शेवटी बोलला. त्याला काही मोठं बोलायचं नव्हतं. म्हणाला, "गायच्या आधी दोन घास खात जा. उपाशीपोटी तुझा सूर चढतो." एवढंच. तो आत गेला.

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं स्वरयंत्र काढलं. दोन महिने आधी आला असता तर किरणांचा शेक देऊन आवाज राखायचा प्रयत्न करता आला असता, असं त्यांनी मामाला सांगितलं, आणि मामानं मला ट्रंककॉलवर. त्या दोन महिन्यांतच तो रमजानचा महिना होता. आम्ही बहरीनला निघालो तेव्हाच वहिनींना दिवस गेले होते. मुलगी झाली तोवर दादाच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर जाळीचा रुमाल. मुलीचं नाव प्रणिता. ते नाव त्यानं पाटीवर लिहून दाखवलं.

वासवानीनं ती टेप मुंबईला नेली. दादाची पट्टी त्याला कोरीच वाटली असणार, ती पुसून त्यावर त्यानं कोरस भरून घेतला. त्याचं काही चुकलं नाही. कॅसेट आली, चालली, पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाण्याखाली दादाचं नाव छापलं जातं, हे मी कधी चुकू दिलं नाही. पण त्याचा आवाज कुठंच राहिला नाही. लग्नाच्या बँडातली माणसं आम्ही, आमच्या घरात कुणाकडं टेपरेकॉर्डर होता? त्याला बोलताना कुणी कधी पकडून ठेवलंच नाही.

मी त्याच्या घरी जातो. तो आता म्हातारा झालाय, पोरांना ट्रंपेट शिकवतो, बोटांनी आणि डोळ्यांनी. आवाज काढायचं एक यंत्र मिळतं गळ्याला लावायचं, मी आणून दिलं, ते त्यानं कपाटात ठेवून दिलं. मला अजून त्याचा राग येतो. लोकांना वाटतं मी त्याच्या उपकाराखाली आहे. आहेच. पण कुणी न विचारता आपल्यासाठी इतकं देऊन टाकतं तेव्हा माणसानं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत गेलो होतो. प्रणिता सासरहून आली होती. जेवायला वेळ होता, वहिनी आत पोळ्या करत होत्या. दादा शेजारी खुर्चीत. गप्पा मारता मारता ती मध्येच म्हणाली, "काका, बाबांचा आवाज कसा होता हो? तुम्हाला सगळ्यांच्या नकला येतात. एकदा काढून दाखवा ना."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी टाळलं असतं, पण पोरीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मी 'इथं गाडी बदला रं' ही ओळ घेतली, खालून, बिनमाइकची, आवाज बसायच्या आधी त्याची गायची ढब होती तशी. गिटारवाल्याचा हलका झोल देऊन. दोन ओळी म्हणालो. स्वतःलाच वाटलं, जमलं. प्रणिताचे डोळे भरले. तिनं बापाकडं वळून विचारलं, "असा होता, बाबा?"

दादानं हो म्हणून मान हलवली.

आत लाटणं थांबलं होतं. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "भावजी, तुम्ही छान म्हणालात. पण तो तुमचा आवाज आहे. ह्यांचा असा नव्हता." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मलाही आता नीट आठवत नाही. पण असा नव्हता."

दादानं त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा मान हलवली. या वेळची मान खरी होती.